‘५० वॅट × ४’ : एका मजकुराची छाननी

कसाऱ्याला लोकल संपते आणि स्टेशनबाहेर नाशिकच्या शेअर टॅक्सी उभ्या असतात. गाडीच्या स्टिरिओवर एक मजकूर सर्रास दिसतो : ‘५० वॅट × ४’. प्रवासी तो वाचत नाहीत. चालक मात्र त्याच आकड्याचे पैसे मोजतो. म्हणून तो नीट वाचला पाहिजे.

गाडीची विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची. इंजिन चालू असता सुमारे १४.४. स्पीकरचा रोध सहसा ४ ओहम. व्होल्टेज वाढवण्याची सोय नसलेल्या साध्या स्टिरिओतून याहून उंच लाट निघत नाही. १४.४ च्या वर्गाला रोधाच्या दुपटीने, म्हणजे ८ ने भागले की शुद्ध स्वराची कमाल शक्ती मिळते : जेमतेम २६ वॅट. आतली घट वजा जाता हाती २० च्या आसपास.

मग ५० आले कुठून? लाटेचे शेंडे छाटून ती पुरती चौकोनी केली की भाजक ८ ऐवजी ४ होतो आणि उत्तर येते ५२. आकडा हवेतून आलेला नाही. तो आवाज पार फाटल्यानंतरचा आहे. जाहिरातीने ती अट तेवढी गाळली.

मागचा फ्यूज अधिक प्रामाणिक. तो १० अँपियरचा असेल, तर सेटला सतत मिळणारी शक्ती साधारण १४४ वॅट. त्यातून चार स्पीकरना सतत २०० वॅट कसे मिळणार?

अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरच्या अशाच दाव्यांना १९७४ साली नियमाने लगाम घातला गेला. पुढे गाडीतल्या अँप्लिफायरसाठी ‘सीईए-२००६’ हे मानक आले : १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्याच्या आत. अटींसह छापलेला आकडा लहान दिसतो, पण तो तपासता येतो.

खरी गुणवत्ता बहुधा बारीक अक्षरांत असते. एका वॅटला एका मीटरवर ८८ ऐवजी ९१ डेसिबल देणारा स्पीकर घेतला, तर २० वॅट ४० चे काम करतात. पण ‘९१’ हा आकडा खोक्यावर मिरवत नाही. चालक मोठे वॅट विकत घेतो, घाटात इंजिनच्या वर आवाज चढवतो, लाट छाटली जाते, ट्विटर जळतो. मग तो याहून मोठा आकडा शोधत दुकानात जातो. त्या वेळी त्याने एवढेच विचारावे : हे वॅट किती टक्के विकृतीला मोजले?