टिंटर्नचे अवशेष आणि कॅमेऱ्याची चौकट

वेल्समध्ये वाय नदीकाठी उभ्या असलेल्या टिंटर्नच्या भग्न मठाची चित्रे असंख्य निघाली. टर्नरने तो रंगांत उतरवला, १८५०च्या दशकात रॉजर फेंटनने कॅमेऱ्यात. आज प्रत्येक पर्यटकाच्या खिशात कॅमेरा आहे. चित्र मात्र बहुधा तेच. पश्चिमेची रिकामी खिडकी, तिच्यातून आभाळ, खाली कातरलेली हिरवळ. चित्र सुंदर असते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो चौकटीबाहेर काय राहते याविषयी.

ही चौकट कॅमेऱ्याने घडवलेली नव्हे. रेव्हरंड विल्यम गिल्पिन यांनी १७७० मध्ये वाय नदीतून प्रवास केला आणि १७८२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मंदिराच्या त्रिकोणी भिंती त्यांना खटकण्याइतक्या रेखीव वाटल्या. हातोड्याचे बेताचे घाव घातल्यास दृश्य सुधारेल, असे त्यांनी सुचवले! (ते धाडस कोण करील, असेही त्यांनीच विचारले, हे त्यांच्या पदरात टाकायला हवे.) पण त्याच पुस्तकात निराळाच एक प्रसंग आहे. अवशेषांच्या आडोशाला दरिद्री माणसे राहत होती. त्यांतली दोन काठ्यांच्या आधाराने सरपटत चालणारी एक बाई मठवासीयांचे ग्रंथालय दाखवते म्हणून त्यांना घेऊन गेली. दाखवले ते तिचे स्वतःचे ओलसर बिऱ्हाड. गिल्पिन यांच्या लेखणीने तिला जागा दिली, त्यांच्या सौंदर्यनियमांत ती बसली नाही. पुढच्यांनी नियम तेवढे उचलले.

सिस्टर्शियन मठवासी येथे ११३१ मध्ये आले. आजचे मंदिर १२६९ ते १३०१ या काळातले. ३ सप्टेंबर १५३६ रोजी आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला, छपराचे शिसे विकले गेले आणि पाऊस आत आला. खिडकीतले ते मोहक आभाळ म्हणजे या उचकटलेल्या छपराची खूण. १९०१ मध्ये मठ ब्रिटिश राजसत्तेच्या मालकीचा झाला व पुढे भिंतींवरची आयव्ही उतरवली गेली, तेव्हा काही रसिक हळहळले. मुळे दगडांचे सांधे उकलीत होती, त्याचे काय? वसईच्या किल्ल्यात पिंपळाखालच्या कमानी टिपणाऱ्यांनाही हे विचारता येईल.

मंदिराच्या उत्तरेस भोजनगृह, रुग्णालय आणि शेकोटीची खोली यांचे अवशेष आहेत. भल्या पहाटेच्या प्रार्थनेने गारठलेली माणसे ऊब घेत ती ही खोली. छायाचित्रकार तिकडे क्वचितच वळतो. बुटक्या भिंती, सांडपाण्याची नाली. भिंतीवर टांगण्याजोगे तिथे काही मिळत नाही.