वडिलोपार्जित भूत

भुताचे सिनेमे मी सहसा बघत नाही. ज्या माणसाने बावीस वर्षं बँकेत काढली, त्याला तिकीट काढून घाबरायला जाण्याची गरज नसते. संध्याकाळी कॅश मोजताना पाचशे रुपये कमी भरले की ती सोय जागच्या जागी आणि विनामूल्य होते.

पण सप्टेंबर 2024 मध्ये अकोल्याला चिरंजीवांकडे गेलो होतो. चिरंजीव तिथे बी.कॉम. करतात. म्हणजे घराण्याची परंपरा चालवतात. म्हणाले, "बाबा, 'तुंबाड' पुन्हा लागलाय. चला. भुताचा आहे, पण तुमच्याच खात्याचा आहे." मला वाटलं, बँकेतल्या एखाद्या अफरातफरीवर असेल. आत जाऊन बसल्यावर कळलं, खातं बरोबर होतं. फक्त शाखा पाताळात होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सगळ्या देवांची आई असलेली एक देवी आहे. तिच्याकडे सोनंही अमाप आणि धान्यही अमाप. तिचा थोरला मुलगा हस्तर. त्याने सोनं हडप केलं, धान्याला हात घालायला गेला आणि बाकीच्या देवांनी त्याला धरला. आईने त्याला पोटात घेऊन वाचवलं, पण अट घातली की याचं नाव कुणी घ्यायचं नाही. आता नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर आपला माणूस काय करणार? तुंबाडच्या एका घराण्याने त्याचं देऊळच बांधलं! तेव्हापासून गावावर देवांचा शाप, की पाऊस थांबायचाच नाही. (या ठिकाणी आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला प्रेक्षक घाबरायचं सोडून हेवा करू लागतो. असा शाप मिळत असेल तर अर्ज कुठे करायचा, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलंसुद्धा.)

त्या घराण्यातला विनायकराव जुन्या वाड्यातल्या विहिरीतून देवीच्या पोटात उतरतो. कणकेची बाहुली पुढे करतो. जन्माचा उपाशी हस्तर कणकेवर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या लाल लंगोटाला हिसके देऊन विनायकराव मोहरा पाडून घेतो. वर येऊन मोहरा मोडायच्या, संपल्या की पुन्हा खाली. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर केवायसी नाही, पासबुक नाही, टोकन घेऊन बसणं नाही. फक्त काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाला खातो, एवढाच काय तो फरक.

या भुताची वंशावळही मजेची आहे. 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने राही अनिल बर्वे यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि तिने त्यांना जे पछाडलं ते पछाडलंच. धारपांची 'आजी' ही कथा म्हातारीकडून नातवाकडे आलेल्या भयंकर वारशाची. ती मुळात स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या 'ग्रॅमा' या कथेवर बेतलेली. गावाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून उचललं. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी मराठीत आली, मराठीतून आमच्या विदर्भातल्या जंगलात आली आणि तिथून कोकणातल्या वाड्यात साखळदंडाने बांधली गेली. एवढ्या वेळा नावावर चढलेली मालमत्ता मी आमच्या तालुक्यातही पाहिलेली नाही. बर्वे स्वतः 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. तेव्हा वारसा म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्याने सांगायला नको.

चित्रीकरण 2012 साली सुरू झालं आणि सिनेमा पडद्यावर आला 12 ऑक्टोबर 2018 ला. तेव्हा फारशी गर्दी झाली नाही. सहा वर्षांनी पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. मुद्दल झोपलेलं आणि व्याज धावतंय, हा प्रकार मी प्रथमच पाहिला.

आता टीका करायला बसलोच आहे, तर उणं-अधिक दोन्ही सांगायला हवं. पंकज कुमार यांचा कॅमेरा असा, की ओल आपल्या सदऱ्यापर्यंत येते. पण 1918 सालच्या कोकणातली विधवा आपल्या पोरांशी शुद्ध हिंदीत बोलते, तेव्हा हस्तरपेक्षा मला तिचीच जास्त भीती वाटली. बायकांच्या वाट्याला तर सोसण्यापलीकडे काही ठेवलेलंच नाही. विनायकरावाची बायको घर सांभाळते आणि वाट बघते. तिला कुणी काही विचारत नाही. पुढे मात्र माझ्या लक्षात आलं की ही चूक सिनेमाची कमी आणि आपली जास्त आहे.

कारण मला भीती वाटली ती विहिरीतल्या हस्तरची नाहीच. भीती वाटली ती विहिरीबाहेरच्या एका साध्या प्रसंगाची. विनायकराव आपल्या मुलाला, पांडुरंगाला, तयार करतो. दोर कसा धरायचा, मोहरा किती वेळात पाडायच्या, वर कधी यायचं, सगळं घरीच आणि शिस्तीत, पाढे घोकून घ्यावेत तसं. बाप पोराला धंदा शिकवतो आहे आणि पोरगं बापाकडे कौतुकाने बघतं आहे. संगीत बंद करून दाखवलं तर आदर्श कुटुंबाचा प्रसंग वाटेल. पुढे 1947 साली पोरगंच बापाला सुचवतं, की एकेक मोहर कशाला, लंगोटच उचलू. बाप निदान व्याजावर जगत होता. पोराला मुद्दल हवं! वारसा वाढतो तो असा.

माझ्या टेबलावर मयत खातेदारांचे दावे येतात. त्यात एक कागद असतो, हक्क सोडल्याचा. आजवर तो कागद मी शेकड्याने पाहिला आणि त्यावर सह्या पाहिल्या त्या बहिणींच्या. सासरहून एसटीने येतात, भाऊ बोट दाखवेल तिथे सही करतात, चहा घेतात आणि परत जातात. त्यांनाही कुणी काही विचारत नाही. एखाद्या कर्त्या मुलाने आपण होऊन "मला नको" म्हणून सही केल्याचं मला आठवत नाही. तुंबाडात शेवटी ते घडतं. बाप स्वतःच राक्षस होऊन लंगोट पुढे करतो, ज्याच्यासाठी सगळा जन्म घातला तो. आणि पोरगं म्हणतं, नको. मग बापाला त्या शापातून सोडवण्यासाठी त्याला पेटवून देतं. मोहम्मद समद या पोराने ते असं केलंय की सबंध थिएटरात खोकला ऐकू आला नाही.

बाहेर पडलो. रस्त्यात चिरंजीव काही बोलले नाहीत. स्टँडवर मला बसवून द्यायला आले आणि खिडकीशी उभं राहून म्हणाले, "बाबा, आपल्या विहिरीच्या फाइलला मी हात लावणार नाही."

आता विहिरीचं सांगणं आलं. आमचं मूळ गाव शेगाव तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. तिथे एक सामाईक विहीर आहे. तिच्यातल्या चार आणे हिश्श्यासाठी माझ्या आजोबांनी चुलतभावावर दावा लावला. आजोबा गेले, चुलत आजोबा गेले, दोन वकील गेले, दावा चिरंजीव आहे. वडिलांनी शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आईकडे लक्ष दे म्हणतील. त्यांनी उशाखालून लाल फडक्यात बांधलेला बस्ता काढला आणि म्हणाले, "बापू, काही बी होऊ दे, पन केस सोडजो नोको."

आणि विहिरीचं पाणी कसं आहे म्हणाल, तर खारट! पिता येत नाही. पिकाला दिलं तर जमीन पांढरी पडते. म्हणजे हस्तरच्या विहिरीत निदान सोनं तरी होतं. आम्ही तीन पिढ्या मिठाच्या पाण्यात उतरतोय आणि कणकेऐवजी वकिलाची फी पुढे करतोय. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

आणि खरं सांगू? गेली दोन वर्षं तारखेला जाताना मी चिरंजीवांना मुद्दाम सोबत नेत होतो. कोर्टात कुठे उभं राहायचं, पुकारा कसा ऐकायचा, कारकुनाशी काय बोलायचं, ते शिकवत होतो. शिस्तीत.

एसटी सुटली. खामगाव येईपर्यंत मी लाल लंगोट आणि लाल फडकं यांपलीकडे दुसरा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी हक्क सोडल्याच्या कागदाचा एक नमुना घरी आणला. ते पाहून सौ. म्हणाली, "मला विचारलं असतं तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं असतं." कागद बस्त्यावरच ठेवला आहे. अजून भरलेला नाही. वकिलांशी बोलायचं आहे आणि चुलतभावाकडे चहाला जायचं आहे, त्याला धीर होत नाही. शिवाय सही करण्याआधी शेवटचं एकदा विहिरीत डोकावून यावं, असं मनात येतं.

चिरंजीवांना फोनवर तसं बोललो. ते म्हणाले, "बाबा, विनायकरावही दर वेळी शेवटचं एकदाच म्हणत असेल."