दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथा आणि कॅथॉलिक संतत्व

मराठी वाचकाच्या मनात ‘संत’ ह्या शब्दाबरोबर जी प्रतिमा उभी राहते, ती कॅथॉलिक परंपरेतील संताच्या प्रतिमेशी सर्वांशी जुळत नाही. ज्ञानदेव अथवा तुकाराम ह्यांचे संतत्व कोणा धर्मपीठाने चौकशी करून जाहीर केलेले नाही. वारकऱ्यांच्या ओठांवरच ते सिद्ध झाले. कॅथॉलिक संत मात्र, निदान गेली काही शतके, रीतसर चौकशीअंतीच घोषित होतो. 1588 साली पाचव्या सिक्स्टस ह्या पोपने स्थापिलेल्या धर्मविधिमंडळाकडे हे काम सोपविण्यात आले. साक्षीदारांच्या जबान्या, कागदपत्रांची छाननी, प्रसंगी थडगे उघडून केलेली देहाची पाहणी आणि चमत्काराविषयी वैद्यांचे मत, असा तो सारा व्यवहार असतो. उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडणारा, लोकांनी ज्याला ‘सैतानाचा वकील’ असे नाव दिले तो अधिकारीही ह्या व्यवहारात असे; 1983 च्या सुधारणांनंतर त्याचे पूर्वीचे महत्त्व उरले नाही. ह्या पद्धतीचे गुन्हेतपासाशी असलेले साम्य उघड आहे. दोन्हींचा आरंभ बहुधा एका मृत देहापासून होतो आणि दोन्हींना पुराव्यावाचून पुढे जाता येत नाही. मग ज्या गुन्हेकथांनी दूरचित्रवाणीवर कॅथॉलिक वातावरणाचा इतका उपयोग केला, त्यांनी संतत्वाचा विचार कितपत केला, हा प्रश्न उपस्थित करण्यासारखा आहे.

प्रथम लोकप्रिय आणि सौम्य प्रकाराकडे पाहावे. इटलीच्या राय वाहिनीवर 2000 साली सुरू झालेल्या ‘दोन मात्तेओ’ ह्या मालिकेतील धर्मगुरू सायकलवरून गावभर हिंडतो, पोलिसांच्या आधी अपराध्यापर्यंत पोहोचतो आणि त्याचे मन वळवितो. टेरेन्स हिल ह्या नटाने ही भूमिका 2022 पर्यंत केली. मालिकेचे मूळ स्थळ गुब्बिओ हे होते. संत फ्रान्सिसने लांडग्याला माणसाळविल्याची आख्यायिका ज्या गावाशी निगडित आहे, ते हेच. अपराध्याला शब्दांनी वश करणारा पाद्री अशा गावी दाखविण्यात औचित्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु येथे लांडगा पहिल्यापासूनच अर्धा माणसाळलेला असतो. पश्चात्ताप ठरलेल्या वेळी येतो, आणि ठरलेल्या वेळी येणाऱ्या पश्चात्तापाला नाट्याच्या दृष्टीने फारसे मोल राहत नाही.

बीबीसीच्या ‘फादर ब्राउन’ (2013 पासून) ह्या मालिकेची गोष्ट थोडी वेगळी आहे. चेस्टरटनच्या मूळ कथांपैकी पहिली 1910 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखक स्वतः कॅथॉलिक नव्हता. त्याने त्या पंथात प्रवेश केला तो 1922 साली. त्या कथांतील ब्राउनला पापाची ओळख असते ती पापनिवेदन ऐकून ऐकून झालेली असते, आणि खुन्याला शोधण्यासाठी तो मनोमन स्वतः खुनी होतो. मालिकेने कथा 1950 नंतरच्या दशकात आणि कॉट्सवोल्डमधील एका कल्पित खेड्यात नेल्या. इंग्लंडमधील जुनी ग्रामचर्चे धर्मसुधारणेनंतर अँग्लिकन पंथाकडे राहिली. तेव्हा असे पुरातन चर्च एका कॅथॉलिक पाद्र्याच्या हाती निःशंकपणे देणे हे इतिहासाशी जुळणारे नाही. प्रेक्षकाला हवे होते ते इंग्रज खेडे, आणि पंथ त्यात बेतून बसविला गेला. तथापि काळाच्या ह्या बदलाने एक गंभीर गोष्ट नकळत साधली. त्या दशकात इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होती. ब्राउन जेव्हा अपराध्याला पापनिवेदन करावयास विनवितो, तेव्हा त्यापुढे फासाचा दोर असतो. आत्म्याचे रक्षण आणि देहाचा नाश ह्यांची ही सांगड मालिकेने पुरती पेलली असती, तर ती चहापानाच्या वेळची करमणूक राहिली नसती.

पापनिवेदनाचा विषय निघाला म्हणजे अमेरिकेतील ‘होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट’ (1993 ते 1999) ह्या मालिकेचे स्मरण अपरिहार्य ठरते. बाल्टिमोरच्या पोलिसांच्या ह्या कथेत चौकशीच्या खोलीला ‘बॉक्स’ म्हणतात. तेथील सर्वांत कुशल अधिकारी फ्रँक पेंबल्टन हा येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेला आहे. आंद्रे ब्राउअर ह्या नटाने त्याला अविस्मरणीय केले. पेंबल्टन कबुलीजबाब काढतो तो वादकौशल्याने, करुणेचा आभास निर्माण करून, कधी कपटाने. धर्मगुरूपुढील कबुलीचा शेवट क्षमेत होतो आणि ती कबुली बाहेर फुटत नाही. कॅथॉलिक धर्मविधानाचे 983 वे कलम ते गुपित अभंग मानते. पेंबल्टनपुढील कबुलीचा शेवट मात्र तुरुंगात होतो. 1993 च्या ‘थ्री मेन अँड अडेना’ ह्या भागात जवळजवळ पूर्ण वेळ तीन माणसे ह्या एकाच खोलीत आहेत. एका बालिकेच्या खुनाच्या संशयितावर दोन अधिकारी दडपण आणतात, आणि अखेरीस तो जे कबूल करतो ते त्यांना हवे असलेले नव्हेच. संस्काराचे बाह्य रूप तेच, पण त्यातील कृपा काढून घेतलेली! श्रद्धा गमावलेल्या माणसाच्या हाती श्रद्धेची साधने तेवढी उरली, ही पेंबल्टनची शोकांतिका होय. 1994 साली तिसऱ्या पर्वाच्या आरंभीच्या भागांत परोपकारी म्हणून नावाजलेल्या एका स्त्रीचा खून होतो, तेव्हा सज्जनांचे रक्षण न करणाऱ्या ईश्वराशी तो भांडतो. ईश्वराशी भांडण हा प्रकार तुकारामाच्या वाचकाला परका वाटू नये. मात्र तुकारामाचे भांडण घरातले आहे, आणि पेंबल्टन घर सोडून निघालेला आहे.

ह्या सर्वांपेक्षा अधिक निष्ठुर आणि म्हणूनच अधिक अभ्यसनीय अशी कृती म्हणजे ‘द सोप्रानोज’ (1999 ते 2007). न्यू जर्सीतील इटालियन-अमेरिकन गुन्हेगारांच्या ह्या कथेत धर्म पावलोपावली आहे आणि तो बहुधा हिशेबाच्या रूपाने आहे. 2001 च्या एका भागात टोळीत दाखल होणाऱ्यांकडून शपथ घेतात ती संत पीटरचे चित्र जाळून. 2000 च्या एका भागात पॉली नावाचा खुनी आपल्या शुद्धिस्थानातील शिक्षेचे गणित मांडतो : महापापांना पन्नासने गुणावे, क्षुल्लक पापांना पंचविसाने, आणि बेरीज करावी. त्याच्या हिशेबाने सुमारे 6,000 वर्षे भरतात; अनंतकाळाच्या मानाने ती त्याला मुळीच जड वाटत नाहीत. तुरुंगाला सरावलेल्या माणसाने परलोकही तुरुंगाच्याच मापाने मोजावा, ह्यात विनोद आहे आणि भयही आहे. हाच पॉली पुढे चर्चच्या पाद्र्याला जाऊन जाब विचारतो, की इतकी वर्षे देणग्या देऊनही आपल्याला संरक्षण का नाही.

पॉलीचे अज्ञान हास्यास्पद आहे. नायकाची पत्नी कार्मेला अज्ञानी नाही. 1999 च्या ‘कॉलेज’ ह्या भागात एका रात्री ती घरी आलेल्या फादर फिलपुढे पापनिवेदन करून पवित्र प्रसाद ग्रहण करते, आणि त्याच सुमारास तिचा पती दूर मेन राज्यात एका माणसाचा गळा आवळतो. 2001 साली एक ज्यू मानसोपचारतज्ज्ञ तिला रक्ताने माखलेला पैसा सोडून घराबाहेर पडण्यास सांगतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत एक धर्मगुरू तिला विवाह न मोडता पतीच्या मिळकतीतील चांगल्या भागावर राहण्याचा सल्ला देतो. कठोर प्रायश्चित्त परधर्मीयाने सांगावे आणि स्वधर्मीयाने तडजोड सुचवावी, ही मालिकेने चर्चवर केलेली सर्वांत तीक्ष्ण टीका होय. ती श्रद्धेवरील टीका आहे असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. श्रद्धेची मागणी किती मोठी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याखेरीज ह्या प्रसंगातील उपरोध उमगतच नाही.

संतत्वाचा विषय मालिकेत थेट येतो तो 2006 च्या ‘द राइड’ ह्या भागात. संत एल्झियरच्या उत्सवाची व्यवस्था पॉलीकडे आहे. हा संत म्हणजे चौदाव्या शतकात निवर्तलेला प्रोव्हान्सचा एक सरदार. ऐश्वर्यात राहून त्याने दारिद्र्याचे व्रत मनाने पाळले. त्याच्या मूर्तीच्या सोन्याच्या टोपीवरून पाद्री आणि गुंड ह्यांच्यात घासाघीस होते. नवा पाद्री 10,000 डॉलरांऐवजी 50,000 डॉलर मागतो, पॉली नाकारतो, आणि मूर्ती टोपीविना मिरवते. निर्धनांच्या कैवाऱ्याची किंमत त्याच्या टोपीवरून ठरावी, हा विरोध कथेत कोणी बोलून दाखवीत नाही. पुढे उत्सवातील एक फिरता पाळणा मोडतो आणि माणसे जखमी होतात. पॉलीने पाळण्याच्या देखभालीत पैसा वाचविला, हे कारण तपासाने कळण्यासारखे आहे. संताची टोपी नव्हती म्हणून असे झाले, ही गावातील वृद्धांची समजूत. वरकरणी पहिले कारण विवेकाचे आणि दुसरे अंधश्रद्धेचे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच कृपणता आहे. गुन्हेकथेचे कार्यकारण आणि भाविकाचे कार्यकारण एका बिंदूवर आणून मालिका दोहोंपैकी कोणालाच खोटे ठरवीत नाही. इटालियन-अमेरिकनांचा धर्म येथे भाबडेपणापुरता उरतो, असा आक्षेप घेणाऱ्याने ह्या जुळणीचा विचार करावयास हवा.

आक्षेपात तथ्य आहे ते निराळ्या अंगाने. एवढ्या मोठ्या मालिकेत खरोखर पवित्र म्हणता येईल असे माणूस आढळत नाही. संत चित्रात जळतो, मूर्तीत मिरवतो. देहाने तो समोर येत नाही. आणि असे येणे गुन्हेकथेच्या प्रकृतीला विसंगत नाही, कारण संतांच्या यादीत राजसत्तेने अपराधी ठरविलेले कितीतरी आहेत. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीत राजाज्ञेने क्रुसावर मारला गेला आणि 1862 साली संत घोषित झाला. कायद्याचा अपराधी आणि वेदीवरचा संत एकच असणे, ही कल्पना ह्या मालिकांना अद्याप फारशी सुचलेली दिसत नाही.

तथापि पॉलीच्या बाबतीत मालिका ह्या कल्पनेच्या अगदी जवळ जाते. त्याच पर्वात त्याला कळते, की ज्या नुच्चीला तो आई मानीत आला ती त्याची मावशी असून, जन्मदात्री होती मावशी म्हणविणारी एक जोगीण. रागाने तो नुच्चीशी संबंध तोडतो. उत्सवात टोपीवरून त्याला बोल लावणारीही नुच्चीच. कर्करोगाच्या तपासणीच्या निकालाची वाट पाहत असता, टोळीच्या नग्ननृत्यगृहातील रिकाम्या रंगमंचावर त्याला मरियामाता दिसते. 2007 च्या अखेरच्या भागात तो हे टोनीला सांगतो, तेव्हा टोनी चेष्टा करतो : तेथे तीर्थस्थान काढून पवित्र जल विकता आले असते, ही संधी दवडली! साक्षात्काराचीही किंमत ताबडतोब ठरते. पण दर्शनानंतर पॉलीने जे केले ते ह्या हिशेबात बसत नाही. तो वृद्धाश्रमात जातो, आणि जिला आई म्हणणे त्याने सोडले होते त्या नुच्चीशेजारी बसून दूरचित्रवाणीवरील जुना गाण्याचा कार्यक्रम पाहत राहतो.