लहरी कोणाच्या, शोध कोणाचा? : भोर-वेल्ह्यातून पाहिलेले विद्यापीठ

पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारातून २००५ साली ‘विद्यावाणी’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १०७.४ मेगाहर्ट्झवरचे हे सामुदायिक केंद्र आहे. अशा केंद्राला नियमाने साधारणतः १०० वॅट शक्तीची मुभा असते आणि त्याचा आवाज पाच-दहा किलोमीटरपर्यंत जातो. भोर तेथून ५० किलोमीटरहून दूर आहे. वेल्हे तर डोंगररांगांच्या पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. या दोन्ही तालुक्यांतील मुले ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याचा आवाज त्यांच्या घरातील रेडिओवर येत नाही.

हा दोष केंद्र चालवणाऱ्यांचा नाही. प्रश्न विद्यापीठाच्या कारभाराचा आहे, आणि तो समजण्यासाठी परवाना म्हणजे काय हे आधी पाहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा परवानाधारक हा लहरींचा मालक नसून विश्वस्त ठरतो. सामुदायिक नभोवाणीची दारे २००२ च्या धोरणाने प्रथम शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना उघडली. पहिला मान शिक्षणसंस्थांना मिळाला, तशी पहिली जबाबदारीही त्यांचीच.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मात्र या जबाबदारीबाबत अबोल आहे. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्यात अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद यांच्याबरोबर परीक्षा, क्रीडा, माहिती तंत्रज्ञान, आजीवन अध्ययन व विस्तार अशी अनेक मंडळे आहेत. नवसंशोधन व उद्योजकतेसाठीही मंडळ आहे. प्रक्षेपणासाठी नाही. साहजिकच पैसा आणि करार यांचे निर्णय अखेर व्यवस्थापन परिषदेपुढे येतात. तेथे खर्च किती, हे विचारले जाईल. आवाज कुठवर पोचतो, हे विचारण्याचे बंधन कोणावरच नाही.

शोधाचे तसे नाही, त्याला मंडळ आहे. पण तेथेही भोरचा प्राध्यापक अधांतरीच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. १९७० च्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधाबद्दल असे कलम नाही. अर्जाचा हक्क खऱ्या व पहिल्या शोधकाचा, किंवा त्याने तो ज्याच्या नावे करून दिला त्याचा. ही पोकळी केंद्र सरकारच्या २०१९ च्या नवोपक्रम धोरणाने काहीशी भरली. संस्थेची साधने मोठ्या प्रमाणावर वापरली असतील तर मालकी संयुक्त. कामाच्या वेळेबाहेर, संस्थेची साधने न वापरता केलेला शोध संपूर्ण शोधकाचा.

पण ‘संस्था’ म्हणजे कोण? समजा, वेल्ह्यातील एका प्राध्यापकाने परतीच्या पावसात भिजणारे भात वाळवण्याचे यंत्र केले. त्यांची नेमणूक शिक्षण प्रसारक मंडळीची, पगाराचे अनुदान शासनाचे, मार्गदर्शक आणि चाचणीची प्रयोगशाळा गणेशखिंडीतली. वाटेकरी तीन, पण पेटंटचा अर्ज कोणी भरायचा, खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तरदायित्व एकाचेही नाही. मालकीवर भांडण होण्याआधीच असा शोध टिपणवहीत विरून जाण्याचा धोका अधिक.

परक्या मुलुखातले एक उदाहरण येथे उपयोगी पडते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी ड जीवनसत्त्वाविषयी शोध लावला. त्याचे पेटंट सांभाळण्यासाठी १९२५ साली स्वतंत्र प्रतिष्ठान उभे राहिले आणि त्याचे उत्पन्न पुन्हा संशोधनाकडे वळले. त्याच विद्यापीठाचे नभोवाणी केंद्र देशातील अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी. शेतकऱ्यांसाठी हवामान आणि बाजारभाव सांगणारे. तेथील सारे आपल्याला लागू नाही. मालकी ठरवतानाच लाभ कोणाकडे जाणार हेही ठरवावे, एवढे मात्र घेण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, भोरच्या महाविद्यालयाने स्वतःच परवाना मागावा. म्हणणे रास्त आहे. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनेक जिल्ह्यांत काम करणारी संस्था कमाल सहा केंद्रे काढू शकते, पण वेगवेगळ्या जिल्ह्यांत. म्हणजे विद्यापीठाला नाशिक व अहिल्यानगरचा मार्ग मोकळा असला, तरी भोर-वेल्हे पुणे जिल्ह्यातच असल्याने त्यांच्या वाट्याला ही सवलत येत नाही. स्थानिक अर्ज हाच उपाय उरतो. आता परवानगीची मुदत दहा वर्षांची आहे, तासाला १२ मिनिटे जाहिराती घेता येतात आणि सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात अशी अट आहे. मावळातल्या बायकांसाठी ही शेवटची अट फार मोलाची. पण अर्ज, मनोरा, ध्वनिमुद्रण यांचा भार लहान महाविद्यालयाने एकट्याने पेलावा, हे म्हणणे अन्यायाचे.

म्हणून मागणी फार मोठी नाही. व्यवस्थापन परिषदेने दोन ठराव करावेत. पहिला, केंद्र काढू पाहणाऱ्या संलग्न महाविद्यालयाला ‘विद्यावाणी’चे प्रशिक्षण आणि कार्यक्रमांचा संग्रह विनामूल्य मिळावा. दुसरा, संलग्न महाविद्यालयातील शिक्षकाच्या शोधाबाबत त्रिपक्षीय कराराचा एकच नमुना असावा आणि पेटंटच्या अर्जाचा पहिला खर्च विद्यापीठाने करावा. संलग्नतेचे शुल्क भोर-वेल्ह्याहून गणेशखिंडीकडे नियमाने जाते. त्या वाटेने उलट काही यावे, असे कोणत्याही नियमात अजून लिहिलेले नाही.