सेमारचे हास्य आणि झाडीपट्टीचा रंगमंच

लोकरंजनात नवे काही शिरले की मूळ कला भ्रष्ट झाली, असा निर्णय आपली समीक्षा फार त्वरेने देते. हा निकष कितपत ग्राह्य आहे, हे इंडोनेशियातील वायांग कुलित या छायाबाहुल्यांच्या खेळावरून पाहता येईल.

युनेस्कोने १९९१ नव्हे, तर २००३ साली ज्याचा मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरव केला, तो हा जावानी खेळ रात्री सुरू होतो व पहाटे संपतो. कथा बहुधा रामायण-महाभारतांतील असते. परंतु मध्यरात्रीच्या सुमारास 'गोरो-गोरो' हा भाग येतो आणि सेमार, गारेंग, पेत्रुक व बागोंग हे विदूषक अवतरतात. व्यासांच्या महाभारतात यांस स्थान नाही. पांडवांचे हे सेवक आजच्या भाषेत बोलतात, सत्ताधाऱ्यांची थट्टा करतात. नार्तोसाब्दो (१९२५-१९८५) या सूत्रधाराने खेळातील गाणी व विनोद वाढविले, तेव्हा परंपरानिष्ठांनी नाराजी दर्शविली. पुढे सेनो नुग्रोहो (१९७२-२०२०) यांचे खेळ यूट्यूबवरूनही पाहिले जाऊ लागले. विदूषकांनी कथा गिळली, हा आक्षेप मात्र कायम राहिला.

वर्धेच्या कापूसपट्ट्यातून पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले की हाच आक्षेप मराठीत ऐकू येतो. धानाची कापणी उरकल्यावर तेथे झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते. वडसा हे त्याचे केंद्र. दोन प्रवेशांच्या मधे लावणी वा चित्रपटगीतावरील नाच येतो आणि नागर प्रेक्षक नाक मुरडतो.

आमच्या मते दोष व्यत्ययात नाही. व्यत्ययाचा कथेशी संबंध तुटण्यात आहे. सेमार हा सेवक असला तरी जावानी श्रद्धेनुसार तो मूळचा देव आहे. म्हणून राजास खडसावण्याचा अधिकार त्यास आहे. त्याचे हास्य हे कथेवरील भाष्य होय. झाडीपट्टीतील विनोदी पात्र पुष्कळदा हेच कार्य करते. मधला नाच ते क्वचितच करतो. पण त्या नाचावाचून तिकिटे खपत नसतील, तर मंडळाचा खर्च निघणार कसा, हेही समीक्षकाने विचारले पाहिजे. जुने-नवे हा भेद येथे उपयोगी पडत नाही. सार्थ-निरर्थक हाच भेद खरा.

२०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्धेस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. एकाच प्रदेशातील या दोन घटनांमधील अंतर अभ्यासकांनी भरून काढावयाचे आहे. केवळ संहिता वाचून ते साधणार नाही. प्रयोगास रात्रभर बसावे, प्रेक्षक कोठे हसतो व कोठे उठून जातो याची नोंद करावी, आणि मगच निर्णय द्यावा.