मराठी ख्रिस्ती उपासनासंगीत : शब्द आणि स्वरमेळ

चर्चमधील वृंदगायनाचे मूल्यमापन बहुधा सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या चार स्वरपंक्तींच्या मेळावरून केले जाते. मराठी उपासनासंगीताला हा निकष अपुरा पडतो. इंग्रजी स्तोत्रांच्या चाली आघातप्रधान, तर मराठी पद्यरचना अक्षरसंख्या व मात्रा यांवर आधारलेली आहे. त्यामुळे अशा चालीत बसविलेल्या भाषांतरित गीतात ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ आखडते आणि अर्थ दुरावतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग, भजन व कीर्तन हे देशी मार्ग स्वीकारले. त्यामुळे स्वरलिपी न जाणणारा, किंबहुना निरक्षर भाविकही उपासनेत गाऊ शकला. मात्र भजनात सर्वजण एकच चाल गातात. चार स्वरपंक्तींचे वैभव तेथे लाभत नाही. पंचहौदचे पवित्र नाम देवालय असो वा बिबवेवाडीसारख्या उपनगरातील छोटी मंडळी, मराठी वृंदगायनापुढील पेच हाच आहे. नव्या रचनाकाराने स्वरमेळ अवश्य योजावा. परंतु त्यापूर्वी शब्दाचा उच्चार व विराम निश्चित करावा. समीक्षकानेही प्रथम शब्द कळला का, हे विचारावे. स्वरमेळाचा विचार त्यानंतरचा होय.