निकृष्ट निवास आणि न्यायालयांचे अधिकार : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी निवाऱ्याचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने मालकी, ताबा व निष्कासन या अंगांनी झाला आहे. ज्या घरात माणसे प्रत्यक्ष राहतात ते घर राहण्यास योग्य आहे काय, आणि नसल्यास न्यायालय काय करू शकते, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ व गोंदिया शहराची १,३२,८१३ होती. एकीकडे रेल्वे जंक्शनभोवती वाढलेल्या शहरातील जुनी भाड्याची घरे, तर दुसरीकडे धानपट्ट्यातील मातीच्या भिंतींची, कवेलूच्या छपरांची घरे, असे येथील निवासाचे दुहेरी स्वरूप आहे. या दोन्ही प्रकारच्या घरांतील रहिवाशांना कायद्याचे दार सारखे उघडत नाही.

भाडेकरूचे घर आणि दिवाणी न्यायालय

विदर्भात पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९ लागू होता. त्यानुसार भाडेपट्टा संपुष्टात आणणारी नोटीस देण्यापूर्वी घरमालकास नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. दिवाणी न्यायालयाची पायरी त्यानंतरची होती. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि असे वाद थेट न्यायालयाकडे गेले. बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालय, तर गोंदियासारख्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांना हे अधिकार आहेत.

या अधिनियमाचे कलम १४ दुरुस्तीसंबंधी आहे. जागा चांगल्या व वापरण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. नोटिशीनंतर १५ दिवसांत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूने ती स्वतः करावी व खर्च भाड्यातून वळता करावा, अशी ही तरतूद आहे. वरवर पाहता ती भाडेकरूच्या हिताची वाटते; परंतु तिच्यात दोन गंभीर उणिवा आहेत. पहिली अशी की, भाडेकरूने विरुद्ध करार केला असल्यास घरमालकाचे हे कर्तव्यच उरत नाही. गरजू भाडेकरू कोणत्याही करारावर सही करतो, हे वास्तव येथे दुर्लक्षिले गेले आहे. दुसरी अशी की, कोणत्याही वर्षी त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. समजा, जुन्या भाडेकरूचे मासिक भाडे ४०० रुपये आहे. वर्षाचे भाडे ४,८०० रुपये झाले आणि वजावटीची मर्यादा १,२०० रुपये. एवढ्या रकमेत छपराची वासे-फाटी बदलणे शक्य नाही.

याउलट निष्कासनाच्या बाबतीत कायदा अधिक सुस्पष्ट आहे. कलम १६ अन्वये जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती शक्य नसणे, इमारत पाडून नवी बांधावयाची असणे, किंवा स्थानिक प्राधिकरणाने ती पाडण्याचा आदेश दिलेला असणे, ही ताबा परत मिळविण्याची कारणे आहेत. म्हणजे घराची दुरवस्था हे भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे कारण म्हणून न्यायालयापुढे जितक्या सहजतेने येते, तितक्या सहजतेने ते दुरुस्तीचे कारण म्हणून येत नाही. दुरुस्ती टाळणाऱ्या घरमालकास काळच साहाय्य करतो. अनिवार्य व्यादेशासाठी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ३९ आणि स्थळपाहणीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालय आयुक्ताची नेमणूक हे मार्ग उपलब्ध आहेत. परंतु हे सर्वसाधारण मार्ग असून त्यांना लागणारा वेळ एका पावसाळ्यात मावणारा नाही.

या संदर्भात शहा रतनसी खिमजी प्रकरणातील २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा आहे. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही, असे त्यात ठरले. हक्क टिकला, तथापि नवी इमारत उभी राहीपर्यंत भाडेकरूने कोठे राहावे, याचे उत्तर त्या हक्कातून मिळत नाही.

धोकादायक इमारत आणि दंडाधिकारी

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये मोडकळीस आलेल्या इमारतीबाबत नगरपरिषदेस नोटीस देता येते. याखेरीज फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम १३३ होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने घेतली आहे. या कलमान्वये जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी इमारत पाडण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा तिला आधार देण्याचा सशर्त आदेश काढू शकतो. संबंधितास कारण दाखविण्याची संधी, पुरावा, स्थानिक चौकशी, तज्ज्ञाची साक्ष आणि तातडीच्या प्रसंगी मनाई आदेश असा हा क्रम आहे. रतलाम नगरपालिका प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे, निधीचा अभाव ही नगरपालिकेची सबब ठरू शकत नाही, असे स्पष्ट केले.

अधिकार प्रभावी आहे. त्याची व्याप्ती मात्र पाहण्यासारखी आहे. इमारत कोसळून शेजारी राहणाऱ्यांना, तेथे व्यवसाय करणाऱ्यांना अथवा जाणाऱ्या-येणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असावा, असे कलमाचे शब्द आहेत. त्या इमारतीच्या आत राहणाऱ्यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. कलमाचा मूळ हेतू सार्वजनिक उपद्रव दूर करणे हा असल्याने असे झाले असावे. परंतु त्यामुळे ओल, अंधार, शौचालयाचा अभाव किंवा खचलेली जमीन यांनी ग्रस्त असलेले, पण अद्याप न कोसळणारे घर या अधिकाराच्या कक्षेत सहजासहजी येत नाही.

नवे बांधकाम आणि ग्राहक

लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता (१९९३) या निर्णयाने गृहबांधणी ही सेवा ठरून निकृष्ट बांधकामाबद्दल ग्राहक मंचाकडे दाद मागता येऊ लागली. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ अन्वये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. येथे कायद्याने दोष, मुदत व जबाबदार व्यक्ती या तिन्ही गोष्टी निश्चित केल्या आहेत, हे स्वागतार्ह आहे. मात्र हे संरक्षण किंमत मोजून घर घेणाऱ्यास आहे.

जिल्ह्यातील ग्रामीण गरिबांचे घरकुल या चौकटीत बसत नाही. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये किमान २५ चौरस मीटरचे घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असून कंत्राटदार नेमण्यास मनाई आहे. कंत्राटदारांकडून होणारी लूट टाळण्याचा हा हेतू योग्यच होय. परंतु भिंतीला तडा गेल्यास दावा कोणाविरुद्ध करावयाचा? गवंडी गावातलाच, अनुदान शासनाचे आणि बांधणारा म्हणून नोंद लाभार्थ्याची. भाडे नियंत्रण अधिनियमही अनुसूचीत नमूद क्षेत्रांपुरताच लागू आहे. परिणामी सर्वांत दुबळ्या घरात राहणाऱ्यास उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची रिट अधिकारिता एवढाच मार्ग उरतो.

घटनात्मक हक्क व त्याची मर्यादा

चमेली सिंग प्रकरणात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने निवारा म्हणजे केवळ डोक्यावरचे छप्पर नव्हे, तर पुरेशी जागा, सुरक्षित बांधणी, प्रकाश, शुद्ध हवा, पाणी व स्वच्छता, असा व्यापक अर्थ सांगितला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मोडकळीस आलेल्या इमारतींबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. भिवंडीतील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी कोसळून अनेक जणांचा मृत्यू झाल्यावर न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली व फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्णय दिला. हे हस्तक्षेप मोलाचे आहेत. तथापि ते प्रामुख्याने महानगराच्या अनुभवातून व दुर्घटनेनंतर घडले. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे; गोंदियाच्या भाडेकरूसाठी तशी यंत्रणा नाही.

निष्कर्ष

प्रत्येक न्यायपीठ आपापला प्रश्न विचारते. दिवाणी न्यायालय ताबा कोणाचा हे पाहते, दंडाधिकारी इमारत पडेल काय हे पाहतो, तर ग्राहक आयोग मोबदला दिला होता काय हे पाहतो. घर राहण्यायोग्य आहे काय, हा प्रश्न कोणाच्याही वाट्याला प्रथम येत नाही. इंग्लंडमध्ये २०१८ च्या कायद्याने, २० मार्च २०१९ पासून, भाडेकरूस नेमक्या याच मुद्द्यावर न्यायालयात जाता येते.

दुरुस्तीची सक्ती केल्यास अल्प भाड्यावर घर ठेवणाऱ्या मालकावर अन्याय होईल, हा आक्षेप निराधार नाही. अधिनियमाने वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली आहे. म्हणून कलम १४ मधील विरुद्ध कराराची सूट रद्द करावी. भाडे न्यायालयात जमा करून त्यातून टप्प्याटप्प्याने दुरुस्ती करविण्याचा स्पष्ट अधिकार कनिष्ठ स्तर न्यायालयास द्यावा आणि त्या खर्चाच्या प्रमाणात न्यायालयाने भाडे सुधारून द्यावे. कलम १५२ मध्ये इमारतीतील रहिवाशांचा स्पष्ट समावेश व्हावा. घरकुलांसाठी जिल्हा स्तरावर तांत्रिक तपासणी व दोषनिवारणाची जबाबदारी निश्चित करावी. चमेली सिंग निर्णयात निवाऱ्याचा जो अर्थ सांगितला गेला, तो सालेकसा किंवा देवरीच्या घरापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्याची सुरुवात तालुक्याच्या न्यायालयाला दुरुस्तीचा अधिकार देण्यापासून व्हावी लागेल.